सूर्याशेजारचा दुसरा गोळा : भाट्ये किनाऱ्यावरील पडताळणीच्या नोंदी

शनिवार, ७ डिसेंबर २०२४

संध्याकाळी पावणेसहा वाजता, सूर्यास्ताला साधारण सतरा मिनिटे उरली असताना, रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावरून फोनने एक छायाचित्र काढले. घरी येऊन ते मोठे करून पाहिले, तेव्हा उजवीकडे खाली असलेल्या सूर्याव्यतिरिक्त डावीकडे वर, स्वच्छ आकाशात, फिकट निळसर-हिरवा आणि रेखीव कडेचा एक लहान गोळा दिसला. किनाऱ्यावर असताना डोळ्यांना तेथे काहीही दिसले नव्हते. एवढ्यावरच मी थांबायला हवे होते; पण गोळा इतका वाटोळा आणि इतका ग्रहासारखा होता की, रात्री मी नकाशे उघडून बसले.

या दिवसांत शुक्र सूर्यास्तानंतर नैऋत्येला, म्हणजे सूर्याच्या डावीकडे वरच, दिसतो. त्यामुळे हा शुक्र असावा असे आधी वाटले. मात्र शुक्र सूर्यापासून सुमारे ४४ अंशांवर आहे आणि त्याचे बिंब २० विकलांहूनही लहान आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या छायाचित्रातील एक पिक्सेल सुमारे ६९ विकलांचा आहे, म्हणजे शुक्र एका पिक्सेलचा तिसरा भागही व्यापणार नाही. हा गोळा तर ३० पिक्सेल रुंद आहे. शुक्र बाद झाला आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेही उत्तर माझ्याकडे उरले नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

नववीच्या वर्गात छायाचित्र दाखवले, वर्गाच्या गटावरही टाकले आणि ‘याचे स्पष्टीकरण मला अजून सापडलेले नाही’ असे सांगितले. हे वाक्य खरे होते, तरी मुलांनी ते घरी नेले तेव्हा त्याचा अर्थ ‘विज्ञानाच्या बाईंनाही ठाऊक नसलेला ग्रह’ असा झाला.

बुधवार, ११ डिसेंबर

वर्गातील एका मुलीने मधल्या सुट्टीत सांगितले की, तिची आजी दोन दिवस धड जेवलेली नाही. पृथ्वीकडे येणाऱ्या अज्ञात ग्रहाची एक चित्रफीत गावात फिरते आहे आणि तिच्या शेवटी कोणीतरी माझे छायाचित्र जोडले आहे. ही चूक माझी आहे आणि ती मलाच निस्तरायची आहे. नुसते ‘तसे काही नसते’ असे सांगून भीती जात नाही. आजींच्या हातात फोन देऊन त्यांना स्वतः करून पाहता येईल अशी पडताळणी हवी. या नोंदी त्यासाठी, आणि इतर कोणत्या शाळेत हाच प्रश्न आला तर त्यांना माझ्या वाया गेलेल्या संध्याकाळी वाचवता याव्यात यासाठी, ठेवत आहे.

चित्रफितीतील ग्रहाला ‘निबिरू’ म्हटले आहे. हे नाव लेखक झेकारिया सिचिन यांनी १९७६ साली पुढे आणले आणि नॅन्सी लीडर यांनी १९९५ पासून त्याला पृथ्वीशी टकरीची कथा जोडली. त्यानंतर मे २००३, २१ डिसेंबर २०१२ आणि २३ सप्टेंबर २०१७ अशा तारखा सांगितल्या गेल्या आणि उलटून गेल्या. वेळोवेळी पुरावा म्हणून लोकांच्या हातातील कॅमेऱ्यांत आलेली, माझ्यासारखीच, सूर्याची छायाचित्रे पुढे केली गेली. म्हणून तारखांविषयी वाद घालण्याऐवजी छायाचित्रावरच काम करायचे ठरवले.

शुक्रवार, १३ डिसेंबर

मूळ फाइल संगणकावर घेऊन मोजमाप केले. चित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे आहे, म्हणजे मध्यबिंदू (२०००, १५००). सूर्याच्या पांढऱ्या डागाचे केंद्र (२७६०, १९९०) येथे आले. लेन्समधील अंतर्गत परावर्तनाने, म्हणजे सूर्याचाच प्रकाश आतल्या काचांवरून उलटून, गोळा उमटला असेल, तर तो मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, तितक्याच अंतरावर, म्हणजे (१२४०, १०१०) च्या आसपास असायला हवा. प्रत्यक्षात तो (१२४८, १००३) येथे सापडला. चार हजार पिक्सेलच्या चित्रात आडवा आठ आणि उभा सात पिक्सेलचा फरक.

हे पाहिल्यावर माझे मन जवळजवळ निश्चिंत झाले. मात्र एका छायाचित्रावरून निष्कर्ष काढण्याची घाई मी एकदा केलेली आहे, ती पुन्हा करायची नाही.

आकाराचेही गणित केले. या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे तुल्य नाभीय अंतर (३५ मिमी फिल्म-कॅमेऱ्याच्या मापात) २६ मिमी आहे, त्यावरून सूर्यबिंबाचा खरा व्यास चित्रात सुमारे २८ पिक्सेल यायला हवा. पांढरा डाग मात्र २४० पिक्सेल पसरलेला आहे, कारण प्रकाश अति झाल्याने सेन्सर तेथे संपृक्त झाला आहे. अंधूक गोळा ३० पिक्सेलचा, म्हणजे जवळजवळ नेमका सूर्यबिंबाएवढा आहे. तो सूर्याचीच मंद, संपृक्त न झालेली प्रतिमा असल्याचा हा दुसरा धागा. उलट बाजूने पाहिले, तर पृथ्वीएवढा ग्रह आकाशात सूर्याएवढा दिसायला तो साधारण १३ लाख ७० हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या साडेतीन पटींवर असावा लागेल. तो रोज संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावरील प्रत्येक खलाशाला उघड्या डोळ्यांनी दिसला असता.

शनिवार-रविवार, १४ व १५ डिसेंबर

दोन्ही संध्याकाळी बहुतांशी वाया गेल्या. फोन हळूहळू फिरवला की गोळा सूर्याच्या उलट दिशेने सरकतो हे मुलांना दाखवण्यासाठी चित्रफीत घेतली. सरकणे उत्तम दिसले, पण स्थिर केलेल्या चौकटींवर मोजमाप केले तेव्हा सममिती जुळेना. कधी ६० तर कधी १४० पिक्सेलची चूक येऊ लागली. शनिवारी मला वाटले की माझा तर्कच चुकला आहे. रविवारी पुन्हा तेच झाल्यावर कारण सापडले : चित्रफीत घेताना हाताचा कंप लपवण्यासाठी फोन प्रत्येक चौकटीच्या कडा कापतो आणि कापलेली चौकट इकडेतिकडे सरकवतो, त्यामुळे चित्राचा मध्य आणि लेन्सचा मध्य एकच राहत नाही. कंपरोधन बंद करून घेतलेल्या शेवटच्या चित्रफितीत चूक पुन्हा दहा पिक्सेलच्या आत आली. मोजमाप करायचे असेल तर साधी, न कापलेली छायाचित्रेच वापरावीत.

रविवारी सूर्यास्तापूर्वीच्या पाच मिनिटांत दहा साधी छायाचित्रेही घेतली होती, तीच अखेर कामास आली. प्रत्येक चित्रात सूर्य आणि गोळा यांच्यातील कोनीय अंतर काढले. ७ तारखेच्या चित्रात ते साडेतेहेतीस अंश होते. या दहा चित्रांत ते १२ अंशांपासून ४१ अंशांपर्यंत बदलले. आपल्या सर्वांत जवळचा चंद्रसुद्धा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला सुमारे अर्धाच अंश सरकतो. पाच मिनिटांत एकोणतीस अंश मागेपुढे होणारी वस्तू आकाशात नसते.

बुधवार, १८ डिसेंबर

आज माझ्या तर्कातील चूक एका विद्यार्थ्याने दाखवली आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटला. ग्रहणासाठी घेतलेला सौर फिल्टर फोनसमोर धरून मी छायाचित्र काढले. सूर्याचे स्वच्छ बिंब आले, गोळा नाहीसा झाला. ‘पाहा, गोळा नाही’ असे मी म्हणताच तो म्हणाला, ‘बाई, फिल्टर लावला की सगळेच लाखपटींनी मंद होणार, मग खरा ग्रह असता तरी तो नाहीसाच झाला असता ना?’ तो बरोबर आहे. फिल्टरच्या प्रयोगाने या प्रश्नाचा निकाल कोणत्याच बाजूने लागत नाही. ही संध्याकाळ नोंदीतून वगळणार नाही, कारण अनेक जण हाच प्रयोग पुरावा म्हणून दाखवतात.

रविवार, २२ डिसेंबर

निर्णायक चाचणी म्हणजे सूर्य झाकणे. लेन्समधला गोळा सूर्याच्या थेट प्रकाशावर जगतो; सूर्य झाकला की तो जायला हवा. खरा ग्रह मात्र सूर्य झाकल्यावर अधिकच स्पष्ट दिसला पाहिजे.

पहिला प्रयत्न अंगठ्याने केला. गोळा गेला, पण सोबत आलेल्या एका पालकांनी रास्त शंका काढली की, लेन्सजवळ धरलेल्या अंगठ्याने अर्धे चित्र काळे झाले आहे, त्याखाली ग्रहही झाकला गेला असेल. मग आम्ही किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनात गेलो. फोन स्टँडवर बसवला आणि खोडाची सावली बरोबर लेन्सवर पडेल असा तो सरकवला. आता सूर्य वीस पावलांवरच्या खोडाआड होता आणि बाकी आकाश पूर्ण उघडे होते. गोळा नाही. स्टँड चार बोटे डावीकडे घेतला, सूर्याची कड खोडाबाहेर आली, गोळा पुन्हा हजर. हे आम्ही अकरा वेळा केले आणि अकराही वेळा तसेच घडले. त्या पालकांनी शेवटचे चार वेळा स्वतःच्या हाताने केले, आणि मला वाटते, त्यांचे समाधान मोजमापापेक्षा त्या चार बोटांनी अधिक झाले.

त्याच वेळी माझ्या आणि सहकारी शिक्षिकेच्या फोनने, शेजारी उभे राहून, एकाच क्षणी छायाचित्रे घेतली. माझ्यात एक निळसर-हिरवा गोळा, त्यांच्यात दोन जांभळट ठिपके. आकाश एकच होते, भिंगे वेगळी होती.

सूर्याकडे थेट पाहू नये, फक्त फोनच्या पडद्याकडे पाहावे, हे मुलांना प्रत्येक वेळी सांगावे लागते आणि सांगावेच.

बुधवार ते रविवार, २५ ते २९ डिसेंबर

भिंगच नसलेल्या कॅमेऱ्यात गोळा येतो का, हे पाहायचे होते. सहकाऱ्यांकडून डीएसएलआर (लेन्स काढता येणारा) कॅमेरा उसना घेतला, त्याच्या तोंडावरील प्लास्टिकचे जुने झाकण विकत आणले, मधोमध भोक पाडले आणि त्यावर शीतपेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवून सुईच्या टोकाने सूचिछिद्र केले. छिद्रापासून सेन्सर सुमारे ४४ मिमी अंतरावर आहे, त्यासाठी ०.३ मिमीचे छिद्र योग्य ठरते. पहिले छिद्र मोठे आणि खरखरीत झाले. दुसऱ्या वेळी सुई फक्त टेकवून फिरवली, मागचा उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासला आणि छिद्र संगणकाच्या स्कॅनरवर ठेवून मोजले : ०.३२ मिमी. ते चालण्यासारखे होते.

२६ तारखेच्या छायाचित्रात तरीही एक पसरट उजळ डाग आला आणि मी पुरती गोंधळले. लेन्स नाही, मग परावर्तन कोठून? एक पूर्ण संध्याकाळ गेल्यावर लक्षात आले की, डब्याचा पत्रा आतून आरशासारखा चकाकतो. सेन्सरवरून उलटलेला प्रकाश पत्र्यावर आदळून पुन्हा सेन्सरवर पडत होता. पत्र्याच्या आतल्या बाजूला फळ्याचा काळा रंग दिला, तो एक दिवस वाळू दिला आणि २८ तारखेला डाग नाहीसा झाला.

मात्र आता चित्रात एक बारीक काळा ठिपका होता आणि दोघा मुलांनी ‘हाच ग्रह, सूर्यासमोर आलेला’ असे ठरवूनही टाकले. तो सेन्सरवरील धुळीचा कण होता. छिद्र इतके लहान असले की एरवी न दिसणारी धूळ स्पष्ट सावली टाकते. कॅमेरा आडव्याचा उभा केला तरी ठिपका सेन्सरच्या त्याच कोपऱ्यात राहिला, आकाशाबरोबर फिरला नाही. २९ तारखेच्या चौदा छायाचित्रांत धुळीचा तो ठिपका सोडून दुसरा गोळा कोठेही नाही.

एक कळकळीची सूचना : लेन्स लावलेल्या डीएसएलआरच्या नेत्रिकेतून, सूर्य कितीही खाली असला तरी, पाहू नये. फक्त मागील पडदा वापरावा.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आज काही मोजले नाही. संध्याकाळी चंद्राची कोर आणि शुक्र अगदी जवळ होते, त्यामुळे मुलांना शुक्राची एक जुनी हकिकत सांगितली, कारण आमच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. खगोलशास्त्रज्ञ जियोव्हानी कॅसिनी यांना १६७२ मध्ये आणि पुन्हा १६८६ मध्ये शुक्राजवळ एक लहान सोबती दिसला. पुढे १७४० मध्ये जेम्स शॉर्ट यांनी तो पाहिला आणि १७६८ पर्यंत आणखी काहींनी. १७६६ मध्ये व्हिएन्नाचे खगोलशास्त्रज्ञ मॅक्सिमिलियन हेल यांनी दाखवून दिले की, शुक्राचा प्रखर प्रकाश निरीक्षकाच्या डोळ्यावरून उलटून पुन्हा दुर्बिणीत जातो आणि तेथून दुसरी, लहान प्रतिमा होऊन परततो. १८८७ मध्ये पॉल स्ट्रूबांट यांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतील अनेक निरीक्षणे साध्या ताऱ्यांची निघाली. शुक्राला उपग्रह नाही. शनीच्या कड्यांमधील फट शोधणाऱ्या कॅसिनींनाही काचेने फसवले, हे ऐकून त्या मुलीने विचारले, ‘मग आजीला हे सांगू का?’ मी म्हटले, जरूर सांग.

सोमवार, ६ जानेवारी

या संपूर्ण कामातील मला सर्वांत आवडलेली चाचणी आज झाली. सूर्य वाटोळा असल्यामुळे त्याची प्रतिमा उलटी आहे की सुलटी हे ओळखता येत नाही. अर्धा चंद्र असेल तर ओळखता येते. प्रथम चतुर्थकाच्या आदल्या रात्री चंद्र जवळजवळ बरोबर अर्धा होता. फोन स्टँडवर ठेवून, रात्रीचा मोड लावून, चंद्र मुद्दाम मध्यापासून बाजूला ठेवला. चंद्राच्या जागी आकारहीन पांढरा डाग आला, आणि पलीकडे, मध्यबिंदूच्या विरुद्ध बाजूस, एक छोटा, स्वच्छ अर्धचंद्र. उजळ बाजू मात्र उलटी : आकाशातील चंद्राची उजळ बाजू पश्चिमेला, चित्रातल्या लहान चंद्राची पूर्वेला. कोणताही खरा ग्रह पश्चिमेला मावळलेल्या सूर्याकडे पाठ करून उजळणार नाही. गच्चीवर जमलेल्या मुलांपैकी कोणालाही यावर अधिक समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

फोन स्थिर नसेल तर रात्रीच्या मोडमध्ये अनेक चौकटी एकत्र होतात आणि लहान चंद्र दुहेरी येतो. आमची पहिली सहा चित्रे अशी गेली.

रविवार, १२ जानेवारी

मुलांनी घरोघरून ‘दुसऱ्या सूर्या’ची २३ छायाचित्रे गोळा केली. आलेल्या बहुतेक फायली व्हॉट्सॲपवरून आकसून आल्या होत्या आणि त्यांतील कॅमेऱ्याची माहिती पुसली गेली होती, म्हणून सर्वांना मूळ छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवण्यास सांगावे लागले आणि त्यात पाच दिवस गेले. हे आधीच सांगावे.

१७ चित्रांत गोळा मध्यबिंदूच्या पलीकडे सापडला. तीन चित्रे काचेतून काढलेली होती, दोन एसटीच्या खिडकीतून आणि एक वेल्डिंगच्या काचेतून; तेथे प्रतिमा लेन्सच्या मध्याशी जुळत नाही, कारण परावर्तन काच आणि कॅमेरा यांच्यामध्ये होते. वेल्डिंगची काच आणून पाहिली : फोन स्थिर ठेवून नुसती काच कलती केली की गोळा सरकतो, सूर्य जागेवर राहतो. दोन चित्रांच्या कडा कापलेल्या होत्या. मूळ चित्रे मिळाल्यावर तीही जुळली. एक चित्र कोणी काढले याचाच पत्ता लागला नाही. ते कापलेले आहे, मूळ फाइल नाही, त्यामुळे ते मी ‘अनिर्णित’ म्हणून ठेवले आहे. बाकी सगळ्यांचा उलगडा झाला म्हणून याचाही झालाच असे लिहिणार नाही.

याखेरीज सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या सोहो या अवकाशयानाच्या कॅमेऱ्यातील, पंख असलेल्या गोळ्याचे एक चित्र आले. तो लेन्स फ्लेअर, म्हणजे लेन्समधील परावर्तनाचा गोळा, नव्हे, म्हणून २३ मध्ये धरला नाही. तेजस्वी ग्रहाचा प्रकाश त्या सेन्सरच्या पिक्सेलांतून ओसंडून शेजारच्या पिक्सेलांत आडवा पसरतो आणि त्याचे पंख दिसतात. तेथे वस्तू खरी असते, पण ती आपल्या ओळखीचीच असते.

अज्ञात ग्रह कोणी शोधलेच नाहीत काय, असे एका पालकांनी विचारले. शोधले आहेत. नासाच्या वाइज दुर्बिणीने संपूर्ण आकाश अवरक्त प्रकाशात तपासले आणि २०१४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार पृथ्वी-सूर्य अंतराच्या १०,००० पटींपर्यंत शनीएवढा आणि २६,००० पटींपर्यंत गुरूएवढा एकही नवा ग्रह सापडला नाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर पालकांना मैदानावर थांबवले. साडेआठच्या सुमारास सूर्य शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला आला, त्यामुळे सुरूच्या खोडाचे काम टाकीने केले. ती आजीही आली होती. नातीने फोन धरला, आजीने तिचा खांदा धरून तिला टाकीच्या सावलीत आणि सावलीबाहेर दोन-तीनदा सरकवले आणि पडद्यावर गोळा येताना-जाताना पाहिला. मग त्या मला म्हणाल्या, ‘हे पहिल्याच दिवशी करून दाखवायचं होतंत.’ मी त्यांची क्षमा मागितली. वर्गाच्या गटावरील ७ डिसेंबरचे छायाचित्र काढून न टाकता, त्यावर मध्यबिंदू आणि दोन्ही बाजूंची रेषा आखून पुन्हा टाकले आहे. फिरत्या चित्रफितीतून ते आता मला काढता येणार नाही.

खर्च : फोनचा स्टँड ३५० रुपये, कॅमेऱ्याचे जुने झाकण १२०, काळा रंग ९०, वेल्डिंगची काच ६०, पॉलिश पेपर १०, एकूण ६३० रुपये. एकूण अकरा संध्याकाळी लागल्या, त्यांपैकी चार बहुतांशी वाया : चित्रफितीच्या दोन, फिल्टरची एक, चकाकत्या पत्र्याची एक. पुन्हा करायचे झाल्यास मी सूर्य झाकण्यापासून सुरुवात करीन, त्यानंतर अर्धा चंद्र घेईन, आणि मोजमाप ज्यांना हवे त्यांच्यासाठीच ठेवीन.

एक काम उरले आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी येथून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. त्या वेळी फोनमधील पांढरा डाग वाटोळाच दिसेल, पण पलीकडचा मंद गोळा खाल्लेल्या सूर्याचा आकार, उलटा, दाखवील. आजच्या नववीच्या मुलांना त्या दिवशी मैदानावर परत बोलावले आहे, आणि पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा कोठे पडेल हे आताच खडूने आखून पाहायला सुरुवात केली आहे.